मराठी रॉक-गीतातील स्त्रीचा ‘मी’ : बारामती-इंदापूर परिसराच्या निमित्ताने

मराठी क्रियापदाचा एक विशेष व्याकरणाच्या प्रत्येक शालेय पुस्तकात नमूद असतो; परंतु गीतांचा विचार करताना त्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. ‘मी’ या सर्वनामाला लिंग नाही, पण त्याच्या मागून येणाऱ्या क्रियापदाला ते असते. ‘मी गातो’ आणि ‘मी गाते’ यांत गाणारा कोण हे कळत नाही. तो पुरुष की स्त्री एवढेच कळते. याहून लक्षणीय गोष्ट अशी की वर्तमानकाळात ‘मी गाते’ आणि ‘ती गाते’ या दोहोंतील क्रियापद एकच आहे. जुन्या लेखनात प्रथमपुरुषी रूपावर अनुस्वार देऊन हा भेद डोळ्यांपुरता राखला जात असे. कानाला तो केव्हाच उरला नव्हता. मराठी वर्तमानकाळ बोलणारीचे लिंग जाहीर करतो आणि पुरुष मात्र सर्वनामावर सोपवून मोकळा होतो. सर्वनाम गाळले, आणि गीतात ते वारंवार गाळले जाते, म्हणजे ‘मी’ आणि ‘ती’ यांच्यामधली भिंत नाहीशी होते. ‘ती’ आणि ‘तो’ यांच्यामधली मात्र तशीच उभी राहते.

स्त्री ही जेथे मुख्य गायिका आहे, जेथे वृंदाची ओळखच तिच्या आवाजाने होते, अशा तरुण रॉक-वृंदाने मराठीत गावयाचे ठरविले तर त्याच्यापुढील पहिला वाङ्मयीन प्रश्न येथून सुरू होतो. गिटार विकत घेता येते, ध्वनिवर्धक भाड्याने मिळतो, तालवाद्यांचा संच चार महिन्यांच्या पगारातून किंवा घरच्यांच्या उदारपणातून उभा राहतो. ‘मी’ च्या पुढचे क्रियापद मात्र आधीच कोणी तरी वापरून ठेवलेले असते. ते कोणी, कशासाठी आणि कोणाच्या ऐकण्यासाठी वापरले, याचा विचार न करता ते उचलले तर वाद्ये नवी आणि बोलणारी जुनीच, असा प्रकार होण्याचा संभव फार.

या विचारासाठी बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके घेण्याचे कारण आहे. पुण्यामुंबईच्या वृंदांना इंग्रजी ही सोयीची वाट उपलब्ध असते आणि तेथील श्रोता ती निमूटपणे स्वीकारतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर, उसावर आणि साखर कारखान्यांवर वाढलेल्या या भागात महाविद्यालये आहेत, वालचंदनगरसारखी जुनी औद्योगिक वसाहत आहे, बारामतीत गदिमांच्या नावाचे प्रशस्त सभागृहही आहे. पण येथे कार्यक्रम करावयाचा तर श्रोत्याला शब्द कळले पाहिजेत. दुसरे असे की, स्त्रीच्या गाण्याच्या निरनिराळ्या परंपरा या टापूत आणि त्याच्या वेशीवर इतक्या जवळजवळ नांदल्या आहेत की एकीची दुसरीशी तुलना केल्यावाचून गत्यंतर नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीकडे जाते. बेलवाडीला रिंगण होते, आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया अभंग म्हणत दिंडीतून चालतात. बारामतीहून सुप्यामार्गे दौंड तालुक्यात शिरले की चौफुला लागतो. तेथील कला केंद्रांत संगीत बारीच्या पार्ट्या लावणी गातात. आणि या दोन्हींपेक्षा जुनी, घराच्या आतली, जात्यावरची ओवी. नव्या वृंदातील मुलगी या तिन्हींच्या आवाजकक्षेत वाढलेली असते, मग तिने कानाला लावलेल्या यंत्रातून काहीही ऐकलेले असो.

आधी ज्या भाषेतून रॉक येथे आले तिच्याकडे पाहू. इंग्रजीतील प्रथमपुरुषी क्रियापद लिंगाबाबत मौन पाळते. याचा परिणाम त्या संगीताच्या इतिहासावर किती खोल झाला आहे हे एका उदाहरणावरून दिसेल. ओटिस रेडिंग याने 1965 साली ‘रिस्पेक्ट’ हे गीत रचून गायिले. कामावरून घरी परतणाऱ्या पुरुषाचे ते मागणे होते. 1967 साली अरिथा फ्रँकलिन हिने तेच गीत गायिले आणि त्याचा अर्थ उलटापालटा झाला. मागणे स्त्रीचे झाले, आणि त्या काळच्या स्त्रियांच्या व कृष्णवर्णीयांच्या चळवळींनी ते आपले मानले. तिने गीतात भर घातली हे खरे. परंतु ‘मी’ चा ताबा घेण्यासाठी तिला एकही क्रियापद बदलावे लागले नाही. पुरुषाने रचलेल्या ‘मी’ मध्ये स्त्री सरळ चालत गेली. (हे गीत काटेकोरपणे सोल या प्रकारातले आहे, रॉकमधले नाही, पण दोघांचे घर एकच आहे.) मराठीत अशी बेमालूम घरबदल शक्य नाही. पुरुषाच्या तोंडचे गीत स्त्रीने घ्यावयाचे तर ओळीओळीत ‘तो’ चा ‘ते’ करावा लागतो, यमके मोडतात, आणि श्रोत्याला बदल केल्याचे तत्काळ कळते. नवा वृंद आरंभी बहुधा इतरांचीच गाणी वाजवितो. ती त्याची शाळा असते. मराठी मुलीला ही शाळा अर्धीच खुली आहे.

इंग्रजीपासून दूरचे एक उदाहरण या संदर्भात अधिक उपयोगी पडते. इंडोनेशियातील पश्चिम जावा प्रांतात गारुत म्हणून भाग आहे. तेथील शाळेत शिकणाऱ्या तीन मुलींनी 2014 साली ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोट’ हा वृंद सुरू केला. बाचेप्रोट हा सुंदानी भाषेतला शब्द. त्याचा अर्थ गोंगाट, कलकल. मस्तक झाकून अत्यंत कर्कश धातुरॉक वाजविणाऱ्या या मुलींना घरच्यांचा आणि गावचा विरोध सोसावा लागला. 2024 मध्ये त्यांनी इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवात वादन केले, आणि तेथे वाजविणारा तो पहिला इंडोनेशियन वृंद ठरला. सुंदानी, इंडोनेशियन व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्या गातात. त्यांच्या मातृभाषेत लिंगभेद नाही, पण आदराच्या पायऱ्या आहेत. कोणाशी बोलतो त्यानुसार शब्द बदलतात. त्यामुळे गोंगाट करू इच्छिणाऱ्या मुलीपुढे तेथे ‘मी स्त्री आहे हे सांगू की नको’ हा प्रश्न येत नाही, ‘किती नम्रपणे बोलू’ हा येतो. प्रत्येक भाषा आपल्या मुलीची वाट वेगळ्या ठिकाणी अडविते, एवढे यावरून म्हणता येईल. मराठीची अडवणूक क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावर आहे.

मराठी गीतात स्त्रीलिंगी ‘मी’ दुर्मिळ आहे असे मात्र कोणी समजू नये. उलट तो विपुल आहे, आणि खरी अडचण ती आहे. विरहिणी आणि गौळणी यांमधून पुरुष संतांनी तो शतकानुशतके वापरला. पुढे शाहिरांनी लावणीत त्याला शृंगाराचा साज चढविला. बारामतीच्या वाङ्मयीन इतिहासाशी याचा संबंध अनपेक्षित वाटेल असा आहे. मोरोपंत (1729–1794) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि आर्येसारख्या मात्राबद्ध, विद्वज्जनप्रिय वृत्तात त्यांनी महाभारत उतरविले. सोलापूरचा लावणीकार राम जोशी याची आणि पंतांची भेट झाली, पंतांनी त्याच्या काव्यशक्तीचा गौरव केला आणि पुढे तो कीर्तनाकडे वळला, अशी परंपरा सांगते. परंपरेतला तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यामागची समजूत ध्यानात घेण्याजोगी आहे. लावणी रचणाऱ्या पुरुषाला कीर्तनाच्या पाटावर चढण्याची वाट होती. त्याच्या रचनेतली जी ‘मी’ बोलत होती, जिच्या तोंडून ते शब्द निघत होते, तिला अशी वाट कोणी दाखविल्याचे परंपरा सांगत नाही.

तिला प्रारंभी तोंडही स्वतःचे नव्हते. तमाशाच्या बोर्डावर दीर्घकाळ नाच्या पोऱ्या उभा असे. स्त्रीचा ‘मी’ पुरुषाने रचावा, लुगडे नेसलेल्या पुरुषाने म्हणावा आणि फेटे बांधलेल्या पुरुषांनी ऐकावा, अशी ती संपूर्ण व्यवस्था होती. पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर उभ्या राहिल्या, तेव्हापासून तमाशात स्त्री आली असे सामान्यतः मानले जाते. ही घटना मोठी होती यात शंका नाही. परंतु भाषेच्या अंगाने पाहता तीत बदलला तो कंठ. शब्द बापूरावांचेच राहिले. स्त्रीचा आवाज आणि पुरुषाने योजिलेला स्त्रीलिंगी ‘मी’ यांची सांगड तेथे पक्की झाली, ती पुढे चित्रपटातील लावणीनेही सोडली नाही.

म्हणून लावणीला कमी लेखावे असे मुळीच नाही. संगीत बारी जवळून ऐकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही की, जाणती गायिका एकाच ओळीवर निरनिराळ्या अदा करून शाहिराच्या ‘मी’ ला वाकविते, चिडविते, प्रसंगी त्याची थट्टाही करते. भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक आणि त्यावर सावित्री मेधातुल यांच्यासह उभा केलेला त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग यांमुळे ही कला ज्यांनी पूर्वी पाहिली नव्हती त्यांनाही ती समजू लागली. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावतीची अदा त्या प्रयोगामुळे शहरी प्रेक्षकांपुढे आली. शिवाय एक गोष्ट रॉकच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावी. संगीत बारीची पार्टी स्त्रीच्या नावाने चालते. पेटी, तबला, ढोलकी वाजविणारे पुरुष तिच्या पार्टीत असतात. स्त्री पुढे, तिचे नाव वृंदाला, आणि मागे वादक, ही रचना पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नव्हती. ती चौफुल्याच्या कला केंद्रात होती. पण याच साम्यामुळे नव्या मुलीची पंचाईत होते. ती व्यासपीठावर उभी राहिली की श्रोत्याच्या मनात पहिली तुलना बारीशी होते, आणि ही तुलना तिच्या घरात स्तुती म्हणून घेतली जात नाही. या नाखुशीत कलावंतीण जातींविषयीची जुनी अढी आहे, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

नावांचेच पाहा. विठाबाई नारायणगावकर, कांताबाई सातारकर, यमुनाबाई वाईकर, सत्यभामाबाई पंढरपूरकर: या सर्व नावांच्या शेवटी गाव आहे. ‘-कर’ हा प्रत्यय मराठीत प्रतिष्ठेचा. बाबूजी नाईक हे ‘बारामतीकर’ म्हणून ओळखले जात, आणि त्यात सावकारी व सत्ता या दोहोंचा दाब होता. तोच प्रत्यय बोर्डावरच्या स्त्रीला लागला की त्याचा अर्थ बदलतो. बापाचे किंवा नवऱ्याचे आडनाव जेथे सांगावयाचे नाही, तेथे गावाचे सांगावे, असा त्याचा व्यवहार होतो. (विठाबाईंच्या फडाच्या नावात वडिलांचे, भाऊंचे, नाव राहिले, हा त्यांच्या घराण्याच्या लौकिकाचा भाग.) नव्या वृंदाने स्वतःला काय म्हणावे हा प्रश्न त्यामुळे वाटतो तितका किरकोळ नाही. ‘बँड’ म्हटले तर या तालुक्यांत आधी लग्नाच्या वरातीतला बँड आठवतो; ‘पार्टी’ म्हटले तर बारी किंवा बेंजो; ‘मेळा’ आणि ‘फड’ ही नावे तर आधीच भरलेली आहेत. इंग्रजी नाव घ्यावे तर श्रोता त्याला आपले मानीत नाही. गारुतच्या मुलींनी आपल्याच बोलीतला, आपल्याला हिणविण्यासाठी वापरता येईल असा शब्द उचलून वृंदाला दिला. त्यांच्या सर्व धाडसांत हे धाडस भाषेच्या अभ्यासकाला सर्वांत मोठे वाटेल.

आता जात्यावरच्या ओवीकडे वळू. हेमा राईरकर आणि गी पॉतव्हाँ यांनी 1980 नंतरच्या दशकात ओव्यांच्या संकलनाचे जे कार्य हाती घेतले, ते मराठी भाषेच्या अभ्यासातले एक अपूर्व कार्य आहे. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. बर्नार बेल यांनी त्यांपैकी अनेकांचे ध्वनिमुद्रण व वर्गीकरण केले, आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या संग्रहात इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या ओव्याही आहेत. म्हणजे ज्या गावातून पालखी जाते तेथीलच स्त्रियांचे हे घरातले गाणे. त्यातील ‘मी’ कोणी शाहिराने रचलेला नाही. तो आई, भाऊ, लेक, पाऊस, विठ्ठल, सीता, आणि कित्येक गावांतून बाबासाहेब यांच्याशी बोलतो. ऐकणारी बहुधा समोर बसून दुसऱ्या हाताने खुंटा ओढणारी जाऊ किंवा शेजारीण. ‘सांगते’, ‘बोलते’ अशी क्रियापदे त्यात पुनःपुन्हा येतात, आणि सर्वनाम वारंवार गळते. आरंभी म्हटल्याप्रमाणे, सर्वनाम गळले की ‘मी’ आणि ‘ती’ एक होतात. ओवीने व्याकरणाच्या या संदिग्धतेचा जसा उपयोग केला आहे तसा मराठीच्या दुसऱ्या कोणत्याही गीतप्रकाराने क्वचितच केला असेल. सांगणारी सीतेचे दुःख सांगते की स्वतःचे, हे ठरविता येत नाही, आणि ठरवू नये अशीच योजना दिसते. लावणीत स्त्रीलिंगी क्रियापद श्रोत्यापुढे स्त्री उभी करते; ओवीत तेच क्रियापद एका बाईला दुसऱ्या बाईच्या आड उभे राहू देते.

स्त्रीसंतांचे अभंग या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतात. जनाबाईचा ‘मी’ कमालीचा धीट आहे. पण नाममुद्रेत ती स्वतःला नामदेवाची म्हणविते. यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. येथे निर्देश पुरे.

तेव्हा नव्या वृंदाने ओवीचा हात धरावा, लावणीचा सोडावा, असा सल्ला देऊन मोकळे होणे सोपे आहे. छंदःशास्त्र त्याला संमती देत नाही. रॉकचा प्रचलित ठेका चार ठोक्यांचा. प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की आठ मात्रांचे आवर्तन होते, आणि आघात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर पडतो. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त ज्याला पद्मावर्तनी म्हटले, ते मराठी जातिरचनेचे आवर्तन नेमके आठ मात्रांचे आहे, आणि पुष्कळशा लावण्या त्यात बसतात. ढोलकीच्या जागी पाश्चात्त्य तालसंच ठेवला तरी लावणी मोडत नाही. म्हणून तर लावणीचे ‘फ्यूजन’ करणे इतके सुलभ आणि इतके वारंवार घडते. ओवीचे तसे नाही. तिच्या चरणांना अक्षरांचे किंवा मात्रांचे कडक बंधन नाही. जात्याच्या फेऱ्याप्रमाणे गाणारी स्वर लांबविते, मध्ये ‘ग’, ‘बाई’, ‘सये’ असे शब्द घालते, ओळीचा तुकडा फिरून म्हणते. ताल तिच्या स्वतःच्या दंडात असतो. पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी थांबली. शब्द विसरण्यापूर्वी हालचाल गेली. चार ठोक्यांच्या चौकटीत ओवी बसवू गेले तर एक तर तिचे लांबलेले स्वर कापावे लागतात, किंवा ती वाद्यांच्या वर तरंगत राहते आणि सजावटीपुरती उरते. दुसरा प्रकार आजच्या ध्वनिमुद्रित गाण्यांत फार आढळतो. आरंभी दूरवर कोणी म्हातारी ओवी म्हणते, मग तालसंच सुरू होतो आणि म्हातारी गप्प होते. हा ओवीचा उपयोग नव्हे, तिला दारात उभे करून परत पाठविणे आहे.

थोडक्यात पेच असा पडतो की, ज्या रचनेचा ताल रॉकशी जुळतो तिच्यातला ‘मी’ दुसऱ्याचा आहे, आणि ज्या रचनेतला ‘मी’ स्वतःचा आहे तिचा ताल जुळत नाही.

यातून वाट काढण्यासाठी एक गोष्ट उपयोगी पडेल, ती उच्चाराची. पारंपरिक गायनात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ उच्चारला जातो. अभंगाची अक्षरे मोजताना तो धरलेला असतो. रोजच्या बोलण्यात तो नसतो. ‘वाट’, ‘ऊस’, ‘घर’ हे शब्द व्यंजनावर थाडकन संपतात. मराठी बोलीत आघात क्षीण आहे असे म्हणतात ते खरे. पण शब्दान्तीचे हे बंद अक्षर आघाताचे काम करू शकते. बोलल्याप्रमाणे गायिले तर ओळीचा शेवट ठोक्यावर नेमका आपटतो आणि लांबलेला स्वर ओळीच्या मध्यभागी मोकळा राहतो. मुंबईच्या ‘वाइल्ड वाइल्ड वुमेन’ या स्त्रियांच्या रॅप-समूहासारख्या ठिकाणी, जेथे गाण्यापेक्षा बोलण्याला महत्त्व आहे, तेथे अशा उच्चाराला स्वाभाविकच वाव मिळतो. रॉकमध्ये स्वरही सांभाळावा लागत असल्याने हे काम अधिक अवघड होते. परंतु ओवी आणि ठोका यांचा समेट व्हावयाचा असेल तर तो बोलीच्या उच्चारावर होईल, हार्मोनियमच्या पट्टीवर होणार नाही.

व्याकरणाकडे पुन्हा वळले तर आणखी काही वाटा दिसतात, आणि त्यांपैकी बऱ्याच पळवाटा आहेत. भविष्यकाळात लिंग नाही: ‘मी गाईन’. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते: ‘मी गाणे लिहिले’. ‘मला वाटते’, ‘मला हवे’ यांतही नाही. एखाद्या मराठी गीतात सर्व ‘मी’ भविष्यात किंवा ‘मला’ मध्ये सापडू लागले तर गीतकाराने प्रश्न टाळला असे खुशाल समजावे. अशी गीते पुरुषाने गायिली काय आणि स्त्रीने गायिली काय, फरक पडत नाही. व्यापाराला ते सोयीचे असेल. पण ज्या वृंदाने आपली मुख्य गायिका स्त्री आहे असे सांगून तिकिटे विकली, त्याच्या शब्दांत ती स्त्री कोठेही सापडू नये, यात काही तरी हुकते.

एक वाट मात्र पळवाट म्हणून सोडून देता येत नाही. ती म्हणजे ‘आम्ही’. ‘आम्ही गातो’, ‘आम्ही आलो’, येथे स्त्रीपुरुष भेद नाही. मराठीत बोलणारी व्यक्ती एकटी असली की तिला लिंग असते. अनेक झाली की ते विरघळते. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांनी 1931 पासून चालविलेला आंबेडकरी जलसा आणि त्यानंतरची शाहिरी यांचे गाणे प्रामुख्याने या ‘आम्ही’चे आहे. पुण्यातील कबीर कला मंचात, आणि 2013 च्या अटकेनंतरच्या काळात स्वतंत्रपणेही, शीतल साठे पुढे उभ्या राहून गायिल्या. स्त्रीच्या आवाजाने ओळखला जाणारा, तिच्याच भोवती वाद्ये आणि कोरस उभा राहणारा मराठी वृंद म्हणून रॉकच्या सर्वांत जवळ काही आले असेल तर ते हेच. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) या चित्रपटात ते पाहता येते. तेथे कोणालाही बारी आठवत नाही, याचे कारण वाद्ये नव्हेत, वेषही नव्हे. ‘आम्ही’ म्हणणाऱ्या स्त्रीकडे ‘ती’ म्हणून पाहण्यास व्याकरण श्रोत्याला वावच देत नाही. या ‘आम्ही’ ने स्त्रीला सभेत निर्वेधपणे उभे राहण्याचा हक्क मिळवून दिला. त्याची किंमतही आहे. सभा संपल्यावर एकटीला जे बोलावयाचे असते, ज्यासाठी रॉक हा प्रकार मुख्यतः जन्मला, ते ‘आम्ही’ मध्ये बोलता येत नाही.

नवोदित वृंदांचे आयुष्य अनेकदा अल्प असते आणि त्याला सर्व वेळी कला कारण नसते. श्रीनगरच्या ‘प्रगाश’ या तीन शाळकरी मुलींच्या रॉक-वृंदाने 2012 च्या डिसेंबरात पहिला जाहीर कार्यक्रम केला. धमक्या आणि धर्मपंडितांचा निषेध यांमुळे 2013 च्या फेब्रुवारीत तो मोडला. त्यांनी पुढे कोणत्या भाषेत, कोणत्या ‘मी’ ने गायिले असते, हे पाहावयास कोणाला मिळाले नाही. बारामती-इंदापुरात फतवा निघणार नाही. तेथे विचारले जाईल ते इतकेच की कार्यक्रम किती वाजता संपतो, परत कोण आणून सोडणार, आणि लग्न ठरल्यावर हे चालू राहणार का. या प्रश्नांनी वृंद एका दिवसात मोडत नाही, हळूहळू विरतो. म्हणूनही आरंभीची दोनचार गाणी स्वतःची असणे महत्त्वाचे. ती मागे राहू शकतात.

त्या गाण्यांत कोणते रूप यावे? प्रमाण मराठीत ‘मी करते’, ‘मी जाते’. या तालुक्यांच्या ग्रामीण बोलीत बायकांच्या तोंडी ‘मी करती’, ‘मी जाती’ ऐकू येते. कोल्हापूरकडे तर स्त्रियाही सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शाळेने ‘करती’ ला अशुद्ध ठरविले, चित्रपटाने ते विनोदी पात्राला दिले, आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी एस.टी. तून उतरताना ते मागे ठेवून उतरते. परंतु लावणीच्या मुद्रित संग्रहांतून आणि चित्रपटगीतांतून आलेला स्त्रीचा ‘मी’ बहुतांशी ‘करते’चा आहे, ‘करती’ हे रूप तेथे फारसे शिरलेच नाही. ते आजीच्या बोलण्यात राहिले. त्याचा शेवटचा ‘ती’ दीर्घ आहे, ठोक्यावर धरून ठेवता येतो, आणि तृतीयपुरुषी सर्वनामाशी त्याचा उच्चार तंतोतंत जुळतो. निमगाव केतकीहून बारामतीला शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलीने मोठ्या आवाजाच्या वाद्यांपुढे हे रूप उच्चारले, तर सभागृहातील काही लोक प्रथम हसतील. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते हसतात का, एवढे पाहावयाचे.